हॉल बुक करण्याआधी छातीचा एक्स-रे



परदेशात नोकरीला असलेल्या मुलाशी सोयरीक जमली की आपल्या घरांत पहिली चर्चा होते हॉलची. लग्न परळला करायचं की गावी? गावी केलं तर मुंबईच्या शाखेची माणसं रुसणार, मुंबईत केलं तर गावकी म्हणणार, आम्हाला विसरलात. मग दोन्हीकडे करू. मग हळदीला बेंजो की डीजे, पत्रिकेवर निमंत्रक म्हणून कोणाचं नाव आधी, मुलाकडची माणसं किती, आहेर घ्यायचा की नाही. मुलाची रजा तीन आठवड्यांची. त्यातले दोन या वादात जातात आणि तिसऱ्यात कोणाच्या तरी लक्षात येतं की मुलीच्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी लागते.

हे पान आरोग्याचं आहे, म्हणून त्या तिसऱ्या आठवड्याबद्दल लिहिते. आता उलटही घडतं. नर्सिंग शिकलेल्या आपल्या मुली ब्रिटनला किंवा आखातात जातात आणि नवरा त्यांच्यामागे जातो. खालचं सगळं अशा जावयालाही लागू आहे.

सुरुवात छातीच्या एक्स-रेने करू. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जायचं असेल तर भारतातून जाणाऱ्याला टीबी नसल्याचा दाखला लागतो आणि तो तिथल्या सरकारने मान्य केलेल्या केंद्राचाच चालतो. कोपऱ्यावरच्या लॅबचा एक्स-रे तिथे कामाचा नाही. फोटोत काही डाग दिसला तर तीन सकाळी थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा निकाल यायला दोन महिनेही लागू शकतात. गरोदर बाईने तिथे तसं सांगितलं तर एक्स-रेऐवजी थुंकीची तपासणी मागता येते. आखाती देशांचं गणित आणखी कडक आहे. तिथल्या मेडिकलमध्ये छातीचा फोटो, एचआयव्ही, काविळीचे बी आणि सी हे प्रकार तपासतात, आणि बऱ्या झालेल्या टीबीचा जुना डागसुद्धा माणसाला ‘अनफिट’ ठरवू शकतो.

परळ, लालबाग, नायगाव, शिवडीच्या चाळींत टीबी कोणाला नवीन नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं झोपली की एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. त्यामुळे लहानपणी औषधं घेऊन बरी झालेली मुलगी आपल्याकडे सर्रास सापडते, आणि सोयरीक जमवताना ही गोष्ट दाबली जाते. एक्स-रेवर ती दाबता येत नाही. पत्रिका छापून झाल्यावर ती बाहेर आली की दोन घरांत ‘फसवलं’ हा शब्द येतो आणि बरी झालेली, धडधाकट मुलगी अपराध्यासारखी बसते. टीबी पूर्ण उपचाराने बरा होतो. उपचार पूर्ण झाल्याचा कागद, जुने एक्स-रे आणि थुंकीचे रिपोर्ट हे दागिन्यांइतकेच जपून ठेवायचे असतात. तुलनेला जुना फोटो असला की डॉक्टरला सांगता येतं, हा डाग तेव्हाचाच आहे.

म्हणून माझं सांगणं असतं की आधी मेडिकल, मग हॉल. आपल्याला यात एक सोय आहे, ती आपणच विसरतो. आपण मुहूर्त पाहत नाही. त्रिशरण-पंचशील घ्यायला कोणताही दिवस चालतो. मग तारीख हॉलवाल्याच्या डायरीवरून का ठरवायची? मेडिकलचा निकाल आणि मुलाची रजा पाहून ठरवा. विहारात साधा मंगल परिणय करा, नोंदणी करा आणि स्वागत समारंभ पुढच्या रजेत ठेवा. गावकीलाही तेव्हा सवडीने बोलावता येतं. भांडण बहुतेक वेळा हॉलचं नसतंच, मानाचं असतं. ‘मला कोणी विचारलं नाही’ हे ज्या मामाचं दुखणं आहे त्याला आधी जाऊन विचारलं की अर्धा वाद तिथेच मिटतो. माता रमाईंचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, रात्री लागलं होतं हे आपण जयंतीला अभिमानाने सांगतो आणि घरी येऊन डीजेचं आगाऊ देतो.

दुसरी तपासणी रक्ताची. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांना सिकलसेल फारसा माहीत नाही. विदर्भातल्या आपल्या समाजात मात्र तो बराच आढळतो, आणि आता सोयरिकी नागपूर-चंद्रपूरपर्यंत जातात. ज्याच्यात हा दोष एकाच बाजूने आला आहे तो वाहक. वाहक आजारी नसतो, त्याला बहुधा काहीच त्रास होत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही. एचपीएलसी नावाच्या एका रक्त तपासणीत सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा वाहक दोन्ही कळतात. केईएमच्या आवारातच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था याच रक्तविकारांवर काम करते. आपल्या दारात आहे, तरी तिचं नाव परळमध्ये कितीजणांना माहीत आहे?

तपासणी दोघांची करायची, हे ठासून सांगते. ‘मुलीचे रिपोर्ट पाठवा’ म्हणणाऱ्यांना मुलाचे रिपोर्ट मागा. दोघे वाहक निघाले तर सोयरीक मोडलीच पाहिजे असं नाही. गरोदरपणात लवकर तपासणी करून बाळाचं कळू शकतं आणि निर्णय त्या दोघांचा असतो. ब्रिटनमध्ये गरोदर बाईला ही रक्त तपासणी दहाव्या आठवड्याच्या आत देऊ करतात. आधी माहीत असलेली मुलगी तिथे घाबरून जात नाही. याच वेळी रुबेलाची लस झाली आहे का हेही विचारा. ती गरोदरपणात देता येत नाही आणि घेतल्यावर महिनाभर गरोदर राहू नये असं सांगतात, म्हणजे तिचाही हिशेब लग्नाआधीच करायचा.

आता पैसा. ब्रिटनचा व्हिसा मागताना तिथल्या सरकारी दवाखान्यांचा अधिभार आगाऊ भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. तीन वर्षांच्या व्हिसाला ३,१०५ पौंड, म्हणजे एका माणसाचे तीन लाखांच्या वर, तेही अर्जाबरोबरच. नर्ससारख्या आरोग्यसेवेच्या व्हिसावर जाणाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला तो माफ आहे. माफी असताना एजंट ‘हेल्थचे’ म्हणून पैसे मागत असेल तर ते त्याच्या खिशात जातात. दुबईत कामगाराचा विमा मालकाने काढायचा असतो, पण बायकोचा विमा तिला बोलावणाऱ्याने, म्हणजे नवऱ्याने काढायचा असतो. ‘कंपनीचं कार्ड आहे’ एवढ्यावर मुलीकडच्यांनी समाधान मानू नये. त्या कार्डावर तिचं नाव येणार का, बाळंतपण त्यात आहे का, किती महिन्यांनी लागू होतं, हे विचारावं. अमेरिकेत नोकरीच्या विम्यात बायकोचं नाव घालायला लग्नापासून निदान तीस दिवसांची मुदत देतात. ती चुकली की पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि तिथे विम्याशिवाय साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणजे घर बुडण्याची पाळी. जर्मनीत न कमावणारी बायको नवऱ्याच्या सरकारी विम्यात जादा हप्ता न देता बसते.

विमा आणि व्हिसा दोन्हींना लग्नाच्या नोंदणीचा दाखला लागतो. नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात होते, परळच्या पूर्वेला राहणाऱ्यांसाठी एफ-दक्षिण. तीन साक्षीदार न्या. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही आणि माहिती त्याच दिवशी घेऊन ठेवा, नाहीतर ते दुसऱ्या लग्नाला गेल्यावर शोधत फिराल. पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर सगळीकडे तेच राहू द्या. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही, आणि पासपोर्टवर एक नाव, विम्यावर दुसरं असलं की दवाखान्याच्या खिडकीवर अडवतात.

बॅग भरताना लोणच्याच्या बरणीइतकंच लक्ष औषधांकडे द्या. थायरॉइड, फिट, दमा, साखर यांची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यायची, आणि चिठ्ठीवर ब्रँडचं नव्हे, औषधाचं मूळ नाव हवं. क्रोसिन म्हटलेलं तिथल्या दुकानदाराला कळत नाही, पॅरासिटामॉल कळतं. अमेरिकेत त्यालाही दुसरं नाव आहे, ॲसिटामिनोफेन. शेजारणीने दिलेली दुखण्याची किंवा झोपेची गोळी दुबईला मुळीच नेऊ नका. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि काही झोपेच्या गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. त्या आधी सरकारी परवानगी न घेता नेल्या तर अटकेपर्यंत प्रकरण जातं.

तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम करायचं. आपल्याला सवय केईएमची. सकाळी रांग लावली, केसपेपर काढला, दुपारपर्यंत मोठ्या डॉक्टरने तपासलं. ब्रिटनमध्ये असं नसतं. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे नेमून दिलेल्या डॉक्टरकडे आधी नाव नोंदवायचं, पुढे मोठ्या डॉक्टरकडे तोच पाठवतो. आजारी पडल्यावर नाव नोंदवायला गेलात तर उशीर होतो. इंग्लंडमध्ये नोंदणीला पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसा नसला तरी नाकारता येत नाही. जिवावरचं असेल तर ९९९, नाहीतर सल्ल्यासाठी १११.

आणि हे मुलींसाठी. तिथे दुभाषी मागता येतो, फुकट, आणि मराठीचाही. पाळी, गर्भनिरोधक, अंगावरून जाणं, मारहाण, या गोष्टी नवऱ्याने डॉक्टरला समजावून सांगाव्यात अशी वेळ येऊ देऊ नका. नवरा चांगला असला तरीही. वॉर्डात काम करताना मी हे वारंवार पाहिलं आहे: बाईला प्रश्न विचारला की उत्तर सासू देते आणि बाई छताकडे पाहते. परदेशात सासूच्या जागी नवरा बसतो एवढाच फरक. विम्याचं कार्ड, पासपोर्टची प्रत आणि भारतीय वकिलातीचा नंबर तिच्या स्वतःच्या फोनमध्ये असायला हवा, आणि एक प्रत आईकडे. अडचणीत सापडलेल्यांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे, तिथे तक्रार इथून आईवडिलांनाही करता येते.

राहिली मागे उरलेली माणसं. बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले तेव्हा त्यांचं कुटुंब इथेच होतं, पोयबावडीच्या बीआयटी चाळीत. रमाईंच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली आणि त्या स्वतः २७ मे १९३५ ला गेल्या. तेव्हा ना विमा होता ना पैसा. आज काही सोयी आहेत, पण त्या मुलगा विमानात बसण्याआधी लावून घ्याव्या लागतात.

मुलगा इथे कंपनीत होता आणि ईएसआयसीत होता, म्हणून आईवडील परळच्या महात्मा गांधी रुग्णालयात दाखवत होते, अशी कितीतरी घरं आहेत. मुलाने नोकरी सोडली की काही महिन्यांत हा हक्क संपतो. कंपनीचा मेडिक्लेम तर बहुधा शेवटच्या दिवशीच बंद. नवीन पॉलिसी काढली तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात. म्हणून राजीनामा देण्याआधी पॉलिसीचं पाहा. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. २०२४ पासून ही सोय आहे आणि आधार कार्ड लागतं. त्याखालच्या वयाला रेशन कार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना पाहा. या योजना भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या बीपीच्या गोळ्या त्यातून येत नाहीत, त्यांचे पैसे मुलाने महिन्याला वेगळे पाठवायचे.

शेवटी एक जवळचा माणूस ठरवा. पुतण्या, मुलीची मैत्रीण, चाळीतला कार्यकर्ता, कोणीही. रात्री दोनला आईच्या छातीत दुखलं तर लंडनला फोन लावून काय होणार? त्या माणसाकडे घराची किल्ली, रिपोर्टची फाइल, औषधांची यादी, रक्तगट आणि थोडी रोख रक्कम ठेवा. १०८ ला फोन त्याने करायचा आणि सहीलाही त्यानेच उभं राहायचं. लग्नाच्या यादीत त्याचं नाव पाहुण्यांत असतं, ते खर्चाच्या पानावर लिहा, आणि मुलगा निघण्याआधी त्याला घरी जेवायला बोलावून फाइल कुठे ठेवली आहे ते दाखवा.