कुर्ल्यातला बर्फ आणि डोंगरातला बर्फ

कुर्ला पश्चिमेला फिनिक्स मार्केटसिटीत ‘स्नो वर्ल्ड’ आहे. आमच्या नेहरूनगरातल्या कितीतरी पोरांनी आयुष्यातला पहिला बर्फ तिथंच हातात घेतला. दारात जॅकेट, बूट, हातमोजे मिळतात, तासाभरात खेळ आटोपतो, बाहेर आलं की गरम चहा. मग एखाद्या डिसेंबरात हीच कुटुंबं मनालीला नाहीतर गुलमर्गला निघतात. हल्ली काही जण स्वित्झर्लंडलाही जातात. मी डोंगरात हिंडतो हे ठाऊक असल्यानं जाण्याआधी विचारायला येतात. त्यांना थंडीचा अंदाज आलेला असतो, डोंगराचा मात्र नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात पहिला प्रश्न असतो जॅकेटचा. ‘जाड जॅकेट घेतलं की झालं ना?’ नाही झालं. बहुतेक जण आत सुती बनियन आणि खाली जीन्स घालून जातात. बर्फात दोनदा बसकण मारली की जीन्स ओली होते आणि ओलं सुती कापड अंगातली ऊब भराभर ओढून घेतं. अंगालगत लोकरीचा किंवा घाम न धरणाऱ्या कापडाचा थर, मध्ये फ्लीस, वरून वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे तीन थर एका जाड कोटापेक्षा कितीतरी जास्त ऊब देतात. मनालीजवळच्या सोलंगच्या रस्त्यावर भाड्यानं मिळणारे गमबूट पाणी अडवतात, पण त्यांत ऊब फारशी नसते. त्यात दोन-दोन मोजे कोंबले की पाय आवळला जातो, रक्त कमी पोहोचतं आणि बोटं उलट लवकर गार पडतात. लोकरीचा एकच जाड मोजा घाला, बोटं बुटात हलली पाहिजेत. कोरडी जोडी पिशवीत असू द्या.

बोटं पांढरी, बधिर झाली तर त्यावर बर्फ चोळायचा, असं आजही सांगितलं जातं. हे मुळीच करू नका. हिमदंशात पेशींमध्ये बर्फाचे कण झालेले असतात, चोळल्यानं त्या आणखी फाटतात. बोट नुसतंच गार पडलं असेल तर काखेत धरा. कातडी कडक, मेणासारखी झाली असेल तर आडोशाला जाऊन 37 ते 39 अंशांच्या पाण्यात बोटं बुडवा आणि डॉक्टर गाठा. शेकोटीवर शेकू नका, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. दारूनं ऊब येते हाही भ्रमच. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटतं, पण त्याच वाटेनं अंगातली ऊब बाहेर जाते.

थंडीत ऊन लागत नाही, ही समजूत परत येणाऱ्यांचे चेहरे बघितले की गळून पडते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे 80 टक्के परत फेकतो आणि दर हजार मीटरला या किरणांचा जोर साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आतसुद्धा भाजतं. डोळ्यांचं तर विचारूच नका. गॉगलशिवाय दिवसभर बर्फात खेळलेल्या मुलाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उजेड सहन होत नाही. ढगाळ दिवशीही गॉगल हवाच.

आता उंची. इथं गैरसमज जास्त आहेत आणि महागात पडणारे आहेत. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. गुलमर्ग 2,650च्या आसपास, तिथल्या गोंडोला रोपवेचा पहिला टप्पा कोंगडोरी 3,000च्या वर, तर दुसरा टप्पा अफरवटच्या अंगावर 3,900च्या जवळपास पोहोचवतो. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 ते 65 टक्केच असतो. आल्प्समध्येही तेच. सकाळी इंटरलाकेनला न्याहारी करायची आणि दुपारी रेल्वेनं युंगफ्राउयोखला, 3,454 मीटरवर उतरायचं. ‘आम्ही चालत कुठं गेलो, बसूनच तर गेलो,’ असं म्हणतात. त्रास केवळ चढण्याच्या श्रमानं होत नाही, शरीराला सवय व्हायला वेळ न मिळाल्यानं होतो. तासाभरात परत उतरलात तर बहुतेकांना धाप आणि थोडं डोकं जड होणं यापलीकडं काही होत नाही. उंचावर मुक्काम केला की खरी गंमत संपते. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सहा-बारा तासांनी सुरू होतं. तरुण, व्यायाम करणाऱ्यांना होत नाही, असंही नाही.

आणि कापूर! रुमालात कापराची पुडी बांधून हुंगत राहिलं की ऑक्सिजन मिळतो, असं प्रत्येक बसमध्ये कुणीतरी सांगतंच. कापरानं नाक गार वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन त्यानं तसूभरही वाढत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. हृदयविकार, दमा असलेल्यांनी निघण्यापूर्वीच तपासून घ्यावं. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर गोळी-कापूर काही बघायचं नाही, ताबडतोब खाली उतरवायचं.

स्कीइंगबद्दल थोडंच सांगतो. सोलंगला अर्ध्या तासात कुणी धरून घसरवलं म्हणजे स्की शिकलो, असं होत नाही. शिकायचंच असेल तर गुलमर्गची आयआयएसएम ही स्कीइंग-पर्वतारोहण संस्था किंवा मनालीची पर्वतारोहण संस्था यांचे नीट अभ्यासक्रम आहेत. स्की भाड्यानं घेताना वजन खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून कितपत सहज सुटावा हे त्यावरून बसवतात, आणि नाही सुटला तर गुडघा जातो. उतारावर पुढच्या माणसाला आधी वाट, हा जगभरचा नियम.

हिमस्खलनाबद्दल लोक सिनेमा बघून बोलतात. ओरडल्यानं बर्फ कोसळत नाही. 30 ते 45 अंशांच्या उतारावर कमकुवत थरावर बसलेली बर्फाची लादी सुटते, आणि ती सुटायला बहुतेक वेळा तिथं गेलेल्या माणसांचंच वजन कारण ठरतं. आधीच्या कुणाच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही. 1 फेब्रुवारी 2023 ला गुलमर्गच्या अफरवट भागात पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात गेले. पण हा फक्त स्कीवाल्यांचा प्रश्न आहे असं मानू नका. त्याच वर्षी 4 एप्रिलला सिक्कीममध्ये नाथुलाच्या रस्त्यालगत सात पर्यटक हिमस्खलनात दगावले. परवाने तेराव्या मैलापर्यंतचेच होते आणि अपघात पंधराव्या मैलाजवळ झाला, असं तेव्हा तिथल्या पोलिसांकडून सांगण्यात आलं. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची आशा मोठी असते, अर्ध्या तासानंतर फार थोडी. बाहेरची मदत एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते. दोरी बांधली असेल तर ती ओलांडू नका, ड्रायव्हर ‘फोटोपुरतं चला’ म्हणाला तरी.

आल्प्सला जाणाऱ्यांसाठी एक कागदाचं काम. शेंगेन व्हिसासाठी काढलेल्या विम्यात स्कीइंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टरनं उचललं की बिल येतं. पॉलिसीतल्या अपवादांचं पान वाचा, हवं तर जादा भरा. मदतीसाठी भारतात आणि युरोपात दोन्हीकडं 112 चालतो.

फिनिक्समधल्या बर्फाचा मात्र एक खरा उपयोग आहे. गेल्या वर्षी शेजारची चार वर्षांची पोर गुलमर्गला निघाली होती. तिच्या आईला म्हटलं, तिथले हातमोजे नका घालू, तुम्ही घेतलेले घाला. वीस मिनिटांत लोकरीचे गुलाबी मोजे पाणी पिऊन जड झाले, आणि ते काढल्याशिवाय पोरीला जॅकेटची चेन लावता येईना. त्याच संध्याकाळी त्यांनी पाणी न शिरणारे, मनगटाला दोरीनं अडकणारे मोजे घेतले. दोन जोड्या.