पेशींचे निरोप (भाग ७) : गालाच्या खाचेतली गडबड

लातूरहून रात्री मुंबईला निघणाऱ्या गाडीत एक कुटुंब हमखास भेटतं. तोंडाला रुमाल बांधलेला, गप्प बसलेला माणूस. शेजारी कापडी पिशवीत फाइल आणि स्कॅनचं मोठं पाकीट मांडीवर धरलेली बायको. सोबतीला भाऊ नाहीतर मेव्हणा. कुठं निघालात, असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं, "टाटाला." नांदेडकडची माणसं देवगिरीनं जातात, काही जण बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयापर्यंत जाऊन तिथंच उपचार घेतात. आजचा भाग या माणसांच्या गालात काय बिघडलं, त्याबद्दल आहे.

जेवताना कधी गाल चावला जातो. दोन-तीन दिवस झोंबतं, मग जखम भरून येते. ती भरते, कारण आसपासच्या पेशींना "वाढा" असा निरोप जातो. पेशीच्या बाहेरच्या अंगाला ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. निरोपाचा रेणू त्याला चिकटला की अशी दोन प्रथिनं जोडीनं उभी राहतात आणि एकमेकांच्या आतल्या शेपटावर फॉस्फेटची खूण करतात. ती खूण पाहून आत रास नावाचं प्रथिन जागं होतं, रास राफला उठवतं, राफ मेकला, मेक अर्कला, आणि अर्क थेट केंद्रकात जाऊन पेशीला दुप्पट व्हायला सांगतं. जखम भरली की खुणा पुसल्या जातात, निरोप थांबतो.

आता तळहातावर मळलेली तंबाखू घ्या. चुना लावून, अंगठ्यानं रगडून, थापटून चिमूट जाते ती खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खाचेत. चुन्यामुळं निकोटिन झपाट्यानं रक्तात उतरतं, म्हणून तर तो लावायचा. पण तंबाखूतली नायट्रोसामाइन्सही तिथंच, त्याच बोटभर जागेत, वर्षानुवर्षं डीएनएला चिकटत राहतात. एखाद्या दिवशी रासचा जनुक असा बिघडतो की ते कुणी न उठवताच जागं राहतं. जखम नाही, तरी "वाढा, वाढा" चालूच.

एवढंच असतं तर औषध शोधणं तुलनेनं सोपं होतं. खरी अडचण २०१३ साली नीट समोर आली. खारघरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकसंशोधन संस्था यांच्या गटानं गाल-हिरडीच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांचे जनुक वाचले आणि आणखी ६० जणांत ते पडताळले. सतत बिघडलेले सापडले ते पी५३, फॅट१, कॅस्पेज८, नॉच१ आणि रासचाच एक प्रकार, एचरास. एचरास सोडला तर यातले बहुतेक पेशीला आवरणारे, वेळ आली तर मरायला लावणारे जनुक आहेत. चालू राहिलेलं प्रथिन गोळीनं अडवता येतं. नसलेलं प्रथिन गोळीनं परत आणायचं कसं? आपल्या भागातल्या या रोगावर जादूची गोळी अजून का नाही, याचं मोठं कारण मला इथंच दिसतं.

जी प्रथिनं अडवता येतात, त्यांच्या निरोपाचा रस्ता औषधानं बंद झाला की नाही, हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतं. गुलाबी द्रवात वाढवलेल्या गाठीच्या पेशींवर औषध घालतात, मग पेशी फोडून त्यांची प्रथिनं जेलमधून पळवतात. फॉस्फेटची खूण असलेलं अर्क तेवढंच ओळखणारं प्रतिपिंड लावलं की काळी पट्टी उमटते. औषधानं पट्टी फिकी होते. संशोधक खूश होतो. आणि पेशी औषधात तशाच वाढवत ठेवल्या तर कधीकधी ती पट्टी पुन्हा गडद व्हायला लागते, कारण पेशीनं दुसऱ्या वाटेनं निरोप पोचवलेला असतो.

म्हणून एकावेळी अनेक वाटा अडवायच्या. टाटा रुग्णालयात विजय पाटील, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. ईजीएफआर अडवणारं अर्लोटिनिब, दाहाची वाट अडवणारं सेलेकॉक्सिब, पेशींच्या दुपटीलाच खीळ घालणारं मेथोट्रेक्झेट, तिन्ही तोंडानं घ्यायच्या गोळ्या. रोग बरा होण्याच्या पलीकडं गेलेल्या, डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना या गोळ्यांसोबत निवोलुमॅब दिलं. गाठ प्रतिकारपेशींना "थांबा" असा खोटा निरोप देत असते, तो हे औषध तोडतं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. इथं तीन आठवड्यांना फक्त २०. सहा आठवड्यांचा हिशोब मांडला तर ७२० च्या जागी ४०, अठरावा हिस्सा. प्रतिकारपेशींवरच्या जागा थोड्या औषधातही भरतात, हे आधीच्या अभ्यासांतून माहीत होतं. त्याचा उपयोग शेतकऱ्याच्या खिशासाठी करावा, हे इथं सुचलं याचा मला फार अभिमान वाटतो. २०२२ मध्ये निकाल आला: वर्षभरानं नुसत्या गोळ्यांवरचे १६.३ टक्के रुग्ण हयात होते, निवोलुमॅब मिळालेले ४३.४ टक्के.

ज्यांच्या घरी असे उपचार चालू आहेत त्यांना एक सांगतो. यातली मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकीच्या गोळ्या रोजच्या असल्यामुळं चुकून हीही रोज घेतली जाते आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी दिलेला वार भिंतीवरच्या कालनिर्णयात लाल पेनानं गोल करून ठेवा, आणि ती गोळी घरातल्या एकाच माणसानं काढून द्यावी.