प्रशिक्षण मोबाईलवर, मूल मात्र वर्गात!

मूल केंद्रस्थानी ठेवून, कृतीतून आणि शोधातून शिकवावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, कायदा आहे. पण शिक्षकाने ते शिकायचे कसे? २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झालेले ‘निष्ठा’ प्रशिक्षण कोरोनामुळे २०२० मध्ये ‘दीक्षा’वर ऑनलाइन गेले. ऑनलाइनला आमचा विरोध नाही. पालम-जिंतूरच्या टोकाच्या शिक्षकाला तज्ज्ञाचे व्याख्यान गावातच ऐकता येते. मात्र काड्यांचे दशक बांधताना मूल कुठे अडते, हे पडद्यावर कळत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग शिक्षकांनी तिथे जाऊनच पाहिले. तथागतांचा धम्मही ‘एहिपस्सिको’ म्हणतो : या आणि पाहा.

म्हणून सिद्धान्त मोबाईलवर द्या. सराव केंद्राच्या शिक्षण परिषदेत, मुलांसमोर घ्या. परभणी जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या, भूमिहीनांच्या, आपल्या वस्तीतल्या मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेचाच आधार आहे. गुरुजींच्या हाती प्रमाणपत्र आणि मूल कोरेच, हे आम्हाला मान्य नाही. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनो, प्रशिक्षणात शिकलेले वर्गात दाखवा, असा आग्रह धरा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश शिक्षकांनाही लागू आहे!