बालगृहांतील व्यथित मूल

दिवाळीची सुटी लागली कीं बालगृहाच्या फाटकापाशीं वर्दळ वाढते. कोणाची आजी येते, कोणाचा चुलता येतो. पेटी भरली जाते, वहींत सही होते, आणि मूल चार दिवसांकरितां घरीं जातें. ज्यांना न्यावयास कोणी येत नाहीं तीं मुलें व्हरांड्यांत बसून फाटकाकडे पाहत राहतात. समजा, त्यांत तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. "धनत्रयोदशीला येतों," असें मामानें त्याला टेलिफोनवर सांगितलें होतें. धनत्रयोदशी गेली, नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान झालें. मामा आला नाहीं. फराळाच्या पंक्तींत शेजारच्या मुलानें सहज विचारलें, "तुझा मामा कधीं येणार रे?" त्याच क्षणीं ताट उडालें, चकल्या विखुरल्या, आणि विचारणाऱ्याच्या पाठींत बुक्का बसला.

या प्रसंगाकडे दोन दृष्टींनीं पाहतां येतें. एक दृष्टि म्हणते, "मुलगा उद्दाम झाला, अन्नाचा अपमान केला, शिक्षा झालीच पाहिजे." दुसरी विचारते, "तें ताट कोणावर फेकलें?" तें न आलेल्या मामावर फेकलेलें होतें, शेजारचा मुलगा बिचारा मध्यें सांपडला. बालगृहांत काम करणाऱ्याची निम्मी विद्या या दुसऱ्या प्रश्नांत आहे.

बालगृहांतील प्रत्येक मूल अनाथ असतें, हा सुशिक्षित घरांतहि आढळणारा समज बरोबर नाहीं. पुष्कळ मुलांचे आईबाप, निदान दोहोंपैकीं एक, हयात असतो. परंतु दारिद्र्य, आजार, व्यसन किंवा मारहाण यांनीं घर राहण्याजोगें उरलेलें नसतें. अशा मुलाचें नुसतें छप्पर जात नाहीं. भावंडें दुरावतात, शाळा बदलते, आळींतले सवंगडी तुटतात. शिवाय, "मीच वाईट म्हणून मला येथें ठेविलें," असा निष्कर्ष तें मनांतल्या मनांत काढून बसतें. ज्याचा विश्वास मोठ्या माणसांनीं वारंवार मोडला, तें मूल नव्या माणसावर सहजासहजीं विश्वास कसा ठेवील? कित्येकदां तें मुद्दाम वांकडें वागून पाहतें. हा माणूस तरी टिकतो कीं हाहि सोडून जातो, याची ती परीक्षा असते.

भय किंवा संताप अनावर झाला असतां शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागतें. छाती धडधडते, श्वास जलद होतो, हातपाय ताठरतात. सारासार विचार करणारी शक्ति कांहीं वेळ मागें पडते. त्या वेळीं केलेला उपदेश पालथ्या घड्यावर पाणी ठरतो. म्हणून कुशल काळजीवाहक प्रथम इतर मुलांना तेथून हलवितो, कारण बघे जमले कीं मुलाला माघार घेणें कठिण होतें. तो आवाज चढवीत नाहीं, उतरवितो. दार अडवून उभा न राहतां बाजूला, हातभर अंतर राखून थांबतो. न विचारतां अंगाला हात लावीत नाहीं. ज्यानें मार खाल्लेला असतो त्याला मायेनें उचललेला हातहि मारावयास उगारलेला वाटतो. वाक्यें तो थोडीं बोलतो: "मी येथेंच आहें. घाई नाहीं. पाणी आणूं, कीं थोडें अंगणांत जाऊं या?" अशा दोन सोप्या गोष्टींतून एक निवडावयास मिळाली, म्हणजे हातून निसटलेल्या जगाचें एक टोंक मुलाच्या हातीं परत येतें. कोणाच्या जिवाला तात्काळ धोका असेल तरच, धोका टळेपर्यंत आणि शिकविलेल्या पद्धतीनेंच, मुलाला धरावें. पालथें पाडून दाबून धरणें तर केव्हांहि वर्ज्य. त्यानें श्वास कोंडून मुलें दगावलेलीं आहेत.

राग ओसरला म्हणजे खरें काम सुरू होतें. ऑस्ट्रियांतील शिक्षक आउगुस्त आयख्‌हॉर्न यांनीं १९१८ सालीं ओबरहोलाब्रुन येथें बिघडलेल्या म्हणून गणल्या गेलेल्या मुलांची संस्था चालविण्यास घेतली. अतिशय दांडग्या मुलांच्या एका गटाला त्यांनीं मार किंवा शिक्षा न देतां सौम्यतेनें वागविलें. मोडतोड प्रथम वाढली, मग ओसरली, आणि मुलें हळूहळू माणसांत आलीं. त्यांच्याच परंपरेंतील फ्रिट्झ रेडल अमेरिकेस गेले व तेथें डेट्रॉइट शहरीं १९४६ सालीं त्यांनीं अशाच मुलांसाठीं एक घर उघडलें. भांडण जेथें झालें तेथेंच, त्याच दिवशीं, मुलाच्या रोजच्या सहवासांतील माणसानें त्याच्याशीं बोलावें, ही त्यांची पद्धत होय. प्रथम मुलाची हकीकत त्याच्या शब्दांत, मध्यें न तोडतां, ऐकावयाची. मग घटनांचा क्रम लावावयाचा: सकाळीं काय झालें, पंक्तींत कोण काय बोललें, हात कधीं उचलला गेला. त्यांतूनच मुलाला उमगतें कीं राग फराळाचा नव्हता. शेवटीं पुढची वाट ठरते: सांडलेलें दोघांनीं मिळून झाडावें, मित्राला काय सांगावयाचें तें ठरवावें, आणि पुन्हां असें भरून आलें तर कोणती खूण करावी हें मुलानेंच सुचवावें. चुकीची भरपाई होतेच. मात्र ती अपमानावांचून होते.

मामाविषयीं खरें तेंच सांगावें. "येतील हो, उद्यां येतील," हें वरवरचें समाधान दुसऱ्या दिवशीं दुप्पट दुःख देतें. "ते कां आले नाहींत हें मला ठाऊक नाहीं. जेवणानंतर आपण दोघे फोन करूं," हें बोलणें रोखठोक आहे, परंतु पाळतां येण्याजोगें आहे, आणि पाळलेला शब्द हेंच येथलें औषध होय.

ताट फेकणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातें. खरा धोका मुकाट्यानें सोसणाऱ्या मुलाला. जेवण कमी होणें, झोंप उडणें, मोठेपणीं अंथरूण ओलें होणें, आवडती वस्तु एकाएकीं वांटून टाकणें, हातावर ओरखडे दिसणें, या खुणा दिसतांच एकांतांत, शांतपणें, सरळ विचारावें: "जीव नकोसा वाटतो का?" असें विचारल्यानें तो विचार मुलाच्या मनांत शिरतो, ही भीति निराधार आहे, उलट, कोणी तरी विचारलें याचाच त्याला आधार होतो. उत्तर होकारार्थी आलें तर मुलाला एकटें सोडूं नये आणि समुपदेशक व डॉक्टर यांना त्याच दिवशीं बोलवावें. टेलि-मानसच्या १४४१६ व मुलांसाठींच्या १०९८ या क्रमांकांवरहि साहाय्य मिळतें. मात्र "कोणाला सांगणार नाहीं" असें वचन कधींहि देऊं नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळलें तर तें कळविणें २०१२ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. म्हणून "तुझ्या रक्षणासाठीं ज्यांना सांगणें जरूर आहे त्यांनाच सांगेन," एवढेंच म्हणावें.

मुंबई इलाख्यांत मुलांसाठीं पहिला कायदा १९२४ सालीं झाला. आज देशभर २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. त्यानें बालगृहांत शारीरिक शिक्षा हा गुन्हा ठरविला. प्रत्येक मुलाच्या संगोपनाचा स्वतंत्र आराखडा व मुलांची स्वतःची समिति यांचीहि तरतूद त्यांत आहे. संस्थेंत ठेवणें हा अखेरचा उपाय मानावा, हें त्याचें एक मूलतत्त्व होय. पोलंडमधील डॉक्टर यानुश कोर्चाक यांनीं वॉर्सा येथें १९१२ सालीं उघडलेल्या अनाथगृहांत तर मुलांचेंच न्यायालय होतें, आणि त्याच्या नियमांत बहुतेक कलमें क्षमेचीं होतीं. मुलाला न्याय मिळतो असें वाटलें कीं त्याचा हात आपोआप खालीं येतो.

हें सारें करणारा काळजीवाहकहि माणूसच आहे. रात्रपाळी करून दमलेल्या, अनेक मुलें एकट्यानें सांभाळणाऱ्या माणसाकडून अखंड शांतीची अपेक्षा धरणें अन्यायाचें आहे. त्याला शिक्षण, विश्रांति आणि मन मोकळें करण्यास वरिष्ठ सहकारी मिळाला, तरच तो मुलाला आधार देऊं शकेल. माणसें वारंवार बदललीं तर प्रत्येक बदलींत मुलाचें एक घर पुन्हां मोडतें.

शहरांतील सुखवस्तु कुटुंबें मुलाच्या वाढदिवशीं बालगृहांत मिष्टान्न देतात. हेतु निःसंशय चांगला असतो. परंतु दुसऱ्याच्या मुलाचा वाढदिवस त्याच्या आईबापांसह पाहतांना पंक्तींतल्या कित्येक मुलांच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. मुलांचीं छायाचित्रें प्रसिद्ध करून त्यांची ओळख उघड करणें तर कायद्यानेंच मना आहे. त्यापेक्षां संस्थेच्या परवानगीनें दर शनिवारीं तासभर गणित शिकविणें, किंवा घर सांवरूं पाहणाऱ्या आईला मूल घरींच वाढवितां यावें म्हणून साहाय्य करणें, याचें मोल अधिक. मात्र जो शनिवार पत्करला तो चुकवूं नये. येतों म्हणून न येणाऱ्यांची त्या मुलांना ओळख आहेच.

व्हरांड्यांतल्या त्या मुलाचा मामा भाऊबिजेलाहि आला नाहीं, असेंहि घडेल. परंतु जेवणानंतर फोन करूं म्हणणारा काळजीवाहक जेवणानंतर खरोखरच फोन घेऊन शेजारीं येऊन बसला असेल, तर त्या दिवाळींत मुलाला एक माणूस मिळाला.