देवनागरी पाली आणि वाचनसुलभता

पाली भाषेला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहली, बर्मी, थाई, रोमन आणि देवनागरी अशा अनेक लिप्यांतून ती वाचली जाते. त्यामुळे तिपिटकाचा मजकूर तोच असला तरी वाचकाला पडणारे श्रम लिपीगणिक बदलतात.

१८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी लंडन येथे पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. तिचे ग्रंथ रोमन लिपीत निघाले. रोमनमध्ये कॅपिटल आणि लहान असे अक्षरांचे दोन वर्ग आहेत. ‘आनन्द’ हा शब्द कॅपिटलने सुरू झाला तर स्थविर आनंद, लहान अक्षराने सुरू झाला तर हर्ष, हे नजरेला तत्काळ कळते. देवनागरीत ही सोय नाही. परंतु त्याचा खेद मानण्याचे कारण नाही. हा भेद जुन्या हस्तलिखितांतही नव्हता; कॅपिटल हा आधुनिक संपादकाचा निर्णय होय. ‘धम्म’ म्हणजे उपदेश, की स्वभाव, की मनाचा विषय, हे देवनागरीच्या वाचकाला संदर्भावरून स्वतःच ठरवावे लागते, आणि ते इष्टच आहे. शिवाय सबंध मजकूर कॅपिटलमध्ये छापल्यास वाचनाचा वेग मंदावतो, असे मायल्स टिंकर यांना प्रयोगांत आढळले.

देवनागरीची खरी अडचण शिरोरेषेत आहे. ही रेषा शब्दाला एकत्र बांधते आणि ती तुटते तेथेच डोळा विसावतो. पालीतील समास लांब, म्हणून रेषाही लांब. देऊळघाटसारख्या गावी विहारात वंदना म्हणणाऱ्या उपासिकेपुढे पाचव्या शीलातील ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ हा बारा अक्षरांचा शब्द येतो. घटक दिसत नाहीत, म्हणून श्वास संपेल तेथे तो तुटतो. ‘सुरा-मेरय-मज्ज-पमादट्ठान’ असे संयोगचिन्हांनी छापले, तर सुरा व मेरय ही मद्ये, मज्ज म्हणजे मादक पदार्थ आणि पमादट्ठान म्हणजे बेसावधपणाचे कारण, हे उलगडते. मद्य का वर्ज्य, याचे उत्तर त्या शब्दातच आहे. बहुतेकांच्या हाती ते लागत नाही. अशोकाच्या दिल्ली-टोपरा स्तंभावरील लेखांत शब्दसमूहांमध्ये जागा सोडलेली दिसते. आपले मुद्रक तेवढेही करीत नाहीत!

अनुस्वाराचा प्रश्नही असाच आहे. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाच्या देवनागरी तिपिटकात ‘सङ्घ’, ‘सम्बुद्ध’ अशी रूपे आहेत. अभ्यासकाला ती सोयीची. मराठी वाचकाला मात्र ‘संघ’, ‘संबुद्ध’ सवयीचे. वंदनेच्या पुस्तिकेत दुसरीच पद्धत स्वीकारावी, असे मला वाटते. ‘ट्ठ’, ‘ञ्ञ’ ही जोडाक्षरे बारीक टाइपात एकमेकांत मिसळतात. ‘ळ’ मात्र आपल्याला घरचा आहे. हिंदी वाचकाला तो पालीसाठी नव्याने शिकावा लागतो.

पुस्तिका खिशात मावावी म्हणून टाइप लहान केला जातो. सायंवंदनेला येणाऱ्यांत वृद्ध पुष्कळ असतात आणि विहारातील उजेड मंद असतो. पाने आठ वाढली तरी चालतील. टाइप मोठा घ्यावा.