डबल बेल देण्याआधी : वैमानिक, दारू आणि सोबत्याची जबाबदारी

साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीला एसटीनं जाणाऱ्या आपल्याला वैमानिकाच्या दारूशी काय देणंघेणं, असं कुणी विचारील. देणंघेणं आहे. कसं, ते पाहू.

रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला कायद्यानं १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत दारूची मर्यादा दिलीय. वैमानिकाला तीही नाही. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य आणि श्वासचाचणीत आकडा शून्यच हवा. उड्डाणाआधी पहिल्यांदा सापडला तर परवाना ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं, तिसऱ्यांदा रद्द.

एवढी कडक शिस्त का? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नलिका असतात. त्यांतल्या द्रवात आणि संवेदी पडद्यात दारू वेगवेगळ्या वेगानं शिरते, तशीच वेगवेगळ्या वेगानं बाहेर पडते. त्यामुळे रक्तातली दारू संपल्यावरही काही तास तोल फसतो. जमिनीवर आपण डोळ्यांनी सावरून घेतो. ढगात क्षितिजच दिसत नाही, तिथं कशानं सावरणार? आणि थंड पाण्याची अंघोळ किंवा कडक चहा घेऊन दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्याच चालीनं काम करतं.

आता खरा मुद्दा. मार्च १९९० मध्ये अमेरिकेत फार्गोहून मिनियापोलिसला गेलेल्या विमानात तीन वैमानिक होते. आदल्या रात्री तिघंही प्यायलेले. विमान सुखरूप उतरलं, पण तिघांना अटक झाली, तुरुंगवास झाला. एकमेकांना थांबवायला तिघांपैकी एकही शुद्धीत नव्हता. त्यांचा कॅप्टन पुढे दारूतून बाहेर पडला आणि त्याच कंपनीत पुन्हा विमान चालवू लागला! हे कसं शक्य झालं? तिकडे १९७० च्या दशकापासून ‘हिम्स’ नावाची व्यवस्था आहे. सहकारी वैमानिकच आधी बोलतात, उपचार होतात, मग अनेक वर्षं देखरेख राहते. नोकरी परत मिळण्याची वाट उघडी असली, की माणूस लपवत नाही.

आपल्याकडे काय होतं? ‘त्याच्या पोटावर पाय कशाला?’ म्हणून आपण गप्प बसतो. ड्युटी बदलून देतो, सही करून देतो. त्यानं सोबत्याचा आजार वाढतो आणि मागं बसलेल्यांचा जीव टांगणीला लागतो. ड्रायव्हरच्या तोंडाचा वास सगळ्यांत आधी कंडक्टरला येतो. डबल बेल त्याच्याच हातात असते.

मग करायचं काय? वास आला, तर त्या दिवशी गाडी निघू द्यायची नाही, वरिष्ठांना कळवायचं. यात तडजोड नाही. पण नुसतं सापडण्याची वाट पाहू नये. वारंवार दांडी, चिडचिड, उसनवारी दिसली, की माणूस शुद्धीत असताना एकट्याला गाठावं. उपदेश नको, दिसलं तेवढं सांगावं, आणि सोबत घेऊन उपचाराला जावं. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था साताऱ्यातच आहे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. बरा होऊन आला, की त्याला त्याची जागा परत द्यायची, हेही आपलंच काम.