टरफल सोलू नका, पिल्लू अडकलेलं नसतं

अमेरिकेत वसंत ऋतू लागला की प्राथमिक शाळांच्या वर्गांत अंडी उबवायला लावतात. ‘फोर-एच’ ही इथली मुलांसाठीची जुनी चळवळ आणि राज्याराज्यांतल्या विद्यापीठांचे कृषी विस्तार विभाग शाळांना त्यासाठी मदत करतात. मुलं ते पाहून घरी येतात आणि आपल्याकडेही हवं म्हणून हट्ट धरतात. त्यात २०२२ पासून बर्ड फ्लूची साथ सुरू झाली. मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला आणि ज्यांनी जन्मात कोंबडी पाळली नव्हती अशा मराठी घरांतही इन्क्युबेटर आला. त्याचा मला आनंदच आहे. पण एकविसावा दिवस उजाडला की या घरांमधून ठरलेला फोन येतो. “पिल्लू अडकलंय हो. कालपासून चोच दिसतेय, पण बाहेर काही येत नाही. टरफल सोलून काढू का?”

नका काढू. झाकणसुद्धा उघडू नका. हे इतक्यांदा सांगूनही लोक सोलतात आणि दुसऱ्या दिवशी “पिल्लू मुळातच अशक्त होतं” असं सांगतात, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. ते पिल्लू अशक्त नव्हतं. त्याला वेळेआधी बाहेर ओढलं गेलं.

गैरसमज : कवच फोडताना पिल्लू अडकतं, आपण मदत केली नाही तर ते मरतं.

आत काय चाललेलं असतं ते नीट समजून घेऊ. पहिले अठरा-एकोणीस दिवस पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेत नाही. कवचाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं पसरलेलं असतं आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू हे जाळं ओढून घेतं. पिल्लू वाढतं तशी ही हवा अपुरी पडायला लागते आणि आतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग मानेच्या मागचा एक खास स्नायू आचके देऊ लागतो आणि चोच अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते. पिल्लू पहिला श्वास घेतं तो इथे. बाहेरून काहीच दिसत नाही, पण कान लावला तर बारीक चिवचिव ऐकू येते.

त्या पोकळीतली हवा थोडीच असते. म्हणून पुढच्या काही तासांत पिल्लू चोचीच्या टोकावरच्या कठीण दाण्याने कवचाला आतून ठोसे देतं आणि बाहेरून एक लहानशी चांदणीसारखी भेग दिसते. घरातल्यांचा धीर सुटतो तो नेमका या क्षणी, कारण यानंतर पिल्लू गप्प पडतं. बारा तास, कधी चोवीस तासही.

या तासांत ते दमून पडलेलं नसतं. फुप्फुसं हळूहळू श्वासाचं पूर्ण काम हाती घेत असतात. जाळ्यातलं रक्त पिल्लाच्या शरीरात परत ओढलं जात असतं. उरलेला बलक बेंबीच्या वाटेने पोटात जात असतो. हे सगळं आटोपलं की पिल्लू आतल्या आत डावीकडे वळत वळत कवचाला गोल चीर पाडतं, पायांनी रेटा देऊन टोपण उडवतं आणि बाहेर पडतं. हा शेवटचा भाग बहुतेक वेळा तास-दीड तासात उरकतो. शंका असेल त्यांनी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले व्हिक्टर हॅम्बर्गर आणि रोनाल्ड ओपनहाइम यांचा १९६७ चा शोधनिबंध काढून पाहावा. उबवणीच्या शेवटच्या दिवसांतल्या पिल्लाच्या हालचाली त्यांनी क्रमवार नोंदवल्या आहेत. याच हॅम्बर्गरनी हॉवर्ड हॅमिल्टन यांच्यासोबत १९५१ मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या वाढीचे टप्पे ठरवले. ते शेहेचाळीस आहेत आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही तेच वापरतात. शेवटच्या टप्प्यांपैकी एखादा आपल्या नखांनी गाळता येत नाही.

आता नखं किंवा चिमटा लावला की काय होतं? कवचाखालचा पांढरा पापुद्रा फाटतो आणि अजून रक्ताने भरलेल्या वाहिन्या तुटतात. जेमतेम चाळीस ग्रॅमच्या जिवाला काही थेंब रक्त जाणंही परवडत नाही. बलक आत गेलेला नसेल तर पोटाबाहेर पिवळी पिशवी लोंबत राहते, बेंबी उघडी राहते आणि तिथून जंतू शिरतात.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. झाकण उघडलं की आतली दमट हवा क्षणात निघून जाते. बाकीच्या अंड्यांना भेगा पडल्या असतील तर त्यांच्यातला पापुद्रा वाळतो आणि चिवट कागदासारखा पिल्लाला घट्ट चिकटतो. आता ती पिल्लं खरोखरच अडकतात. एकाला सोडवायला गेलेला माणूस बाकीच्यांना असा अडकवून ठेवतो.

खरंच अडकलेलं पिल्लू नसतंच का? असतं. डोकं अंड्याच्या निमुळत्या टोकाकडे असतं किंवा पापुद्रा वाळलेला असतो. पण त्याची खूण वेगळी. पहिली भेग पडून चोवीस तास उलटले तरी काहीच पुढे सरकलेलं नाही, किंवा गोल चीर अर्धी पाडून पिल्लू कित्येक तास थांबलंय आणि पापुद्रा कोरडा, पिवळट-तपकिरी दिसतोय, तरच अनुभवी माणूस हात घालतो. तोही कोमट पाण्याने पापुद्रा ओला करून, बोथट टोकाकडचा कवचाचा एखादा कपचा काढतो आणि रक्ताचा ठिपका दिसताच थांबून झाकण लावतो.

आणि अशी पिल्लं फार निघत असतील तर चूक एकविसाव्या दिवसाची नसते, आधीच्या वीस दिवसांची असते. पंखा असलेल्या यंत्रात तापमान ९९.५ अंश फॅरनहाइट हवं. पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर ते १०१ ते १०२ ठेवावं. आर्द्रता पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. “पाणी जितकं जास्त तितकं बरं” हेही खोटंच. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटायला हवं, म्हणजे साठ ग्रॅमचं अंडं सात ग्रॅमने हलकं व्हायला हवं. ते घटलं नाही तर हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागाच उरत नाही. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

आपल्याकडे खुडूक कोंबडीला रवणीवर बसवत. तीही शेवटच्या दिवसांत घरट्यावरून हलत नाही. पिल्लांना कूक्-कूक् करून साद घालते, पण कुणाचंही टरफल सोलत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

“दुकानातलं अंडं उबवलं तरी पिल्लू निघतं.” दुकानातली जवळजवळ सगळी अंडी कोंबड्याशिवाय ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. ती फलित नसतात. ‘फलित’ असं छापून विकलेल्या डब्यातल्या अंड्यांतून मात्र कधीकधी पिल्लं निघतात. हा फरक आपल्यालाही नवा नाही. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर लिहिलेल्या पुस्तकात गांधीजींनी अशा निर्जीव अंड्यांची दखल घेतली होती आणि ज्याला दूध चालतं त्याला ती चालायला हरकत नाही, असं मत दिलं होतं.

“बलकावर रक्ताचा ठिपका म्हणजे पिल्लू धरलंय.” अंडं तयार होताना कोंबडीच्या अंगातली बारीक रक्तवाहिनी फुटली की तो पडतो, असं अमेरिकेचं कृषी खातंच सांगतं. बलकाला चिकटलेली पांढरी दोरीही गर्भ नव्हे. ती बलकाला मध्यभागी धरून ठेवते.

“टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग.” अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखण्याची ही गोष्ट अॅरिस्टॉटलपासून चालत आलीय आणि तेव्हापासून चुकीचीच आहे. नर की मादी हे कवच बनण्याआधीच ठरतं. साधारण निम्मी पिल्लं कोंबडे निघणार हे धरून चाला. न्यूयॉर्क आणि सिअॅटलमध्ये कोंबड्या पाळता येतात, पण कोंबडा ठेवायला बंदी आहे. आपल्या गावचा नियम अंडी मांडायच्या आधी पाहा.

“बाहेर आल्याबरोबर दाणा-पाणी हवं.” पोटात गेलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून तर अमेरिकेचं टपाल खातं १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं पार्सलने पोहोचवतं. अट एवढीच की जन्मापासून ७२ तासांत ती पोहोचली पाहिजेत. अंग वाळून पिसं फुलेपर्यंत पिल्लू यंत्रातच राहू द्या.

“तासभर वीज गेली, सगळं संपलं.” कोंबडीही रोज दाणे टिपायला उठते. थोडा वेळ गार होणं गर्भ सोसतो. १०३ अंशांच्या वर तापमान चढून राहिलं तर ते अधिक घातक असतं.

“घरचीच पिल्लं आहेत, रोग कसला?” अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) २०२० मध्ये घरगुती कोंबड्या-बदकांमुळे साल्मोनेलाची लागण झालेले सतराशेहून अधिक रुग्ण नोंदवले. धष्टपुष्ट दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही हे जंतू असतात. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नका, हात साबणाने धुवा आणि यंत्र स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुळीच मांडू नका.

“अंड्यांचा खर्च वाचतो.” पिल्लू अंडं द्यायला लागेपर्यंत पाच-सहा महिने त्याला पोसावं लागतं. मुलांना जीव कसा घडतो ते दाखवायचं असेल तर खुशाल उबवा, पण बचतीसाठी नको.

अठराव्या दिवशी यंत्रात पाणी भरा, झाकण लावा आणि पहिली भेग दिसली की वेळ कागदावर लिहून ठेवा. “कालपासून” वाटणारं पुष्कळदा सहाच तासांचं निघतं. तेवढ्या वेळात हातांना काम हवंच असेल तर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ठेवायची उबदार पेटी, तयार करा. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ९५ अंश, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी, खाली कोरडा भुसा, बुडता येणार नाही असं उथळ पाण्याचं भांडं. पिल्लाला तुमची खरी गरज तिथे लागणार आहे.